नोकरी सांभाळून एम.ए. लोकप्रशासन : तीन सत्रांनंतर

बढती किंवा पगारवाढ डोळ्यांसमोर ठेवून एम.ए. लोकप्रशासनाला प्रवेश घेणार असाल तर नका घेऊ. महसूल खात्यात कारकुनाला वर सरकायला दुय्यम सेवा परीक्षा लागते, महसूल अर्हता परीक्षा लागते, सेवाज्येष्ठता आणि गोपनीय अहवाल लागतात. एम.ए. कुणी विचारत नाही. सेवापुस्तकात एक नोंद होते, तेवढंच. हे माहीत असूनही मी प्रवेश घेतला आणि आज पुन्हा विचारलंत तरी घेईन म्हणेन. का, ते सांगते.

मी मराठवाड्यातल्या एका तहसील कार्यालयात अव्वल कारकून आहे. शिक्षण दूरस्थ पद्धतीने, मराठी माध्यमातून. तीन सत्रं झाली, चौथं चालू आहे. विद्यापीठाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे थोड्या तक्रारी आहेत.

पहिलं सत्र जड जातं. सुरुवात होते वुड्रो विल्सनच्या प्रशासनावरच्या १८८७ च्या निबंधापासून (तेव्हा हा गृहस्थ प्राध्यापक होता, अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष पुष्कळ नंतर झाला). मग टेलरचं शास्त्रीय व्यवस्थापन, फेयॉलची व्यवस्थापनाची चौदा तत्त्वं, गुलिकचं पोस्डकॉर्ब (नियोजनापासून अंदाजपत्रकापर्यंत प्रशासनाच्या सात कामांची इंग्रजी आद्याक्षरं). टेलरने अमेरिकेतल्या पोलाद कारखान्यात मजुराकडून दिवसाला साडेबारा टनांऐवजी साडेसत्तेचाळीस टन लोखंड कसं उचलून घेतलं, हे रात्री साडेदहाला, भांडी घासून झाल्यावर वाचून बघा. माझे तर डोळे मिटायचे. हा भाग परीक्षेपुरता करावा आणि पुढे सरकावं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

मग नोकरशाहीवर लिहिणारा जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर आला आणि झोप उडाली. पदांची उतरंड, लेखी नस्ती (फाइल), नियमाला बांधलेलं काम, खुर्ची वेगळी आणि खुर्चीवरचा माणूस वेगळा. वेबर १९२० मध्ये गेला आणि त्याचं हे लिखाण ग्रंथरूपाने नंतर आलं, पण आमची टिपणी कारकुनाकडून माझ्याकडे, माझ्याकडून नायब तहसीलदारांकडे आणि तिथून रावसाहेबांकडे (म्हणजे तहसीलदारांकडे) का चढते, ते मला त्याच्याकडून कळलं. इतकी वर्षं ही वाट म्हणजे नुसता वेळकाढूपणा वाटायचा. प्रत्येक सहीमागे एक जबाबदारी अडकवून ठेवलेली असते आणि तिच्यामुळेच उद्या चौकशी लागली तर बोट कुणाकडे दाखवायचं ते ठरतं, हे ध्यानात आल्यावर मी टिपणी लिहिण्याची पद्धतच बदलली. आता ‘आदेशार्थ सादर’च्या आधी माझं मत दोन ओळींत लिहिते. पूर्वी फक्त नियम उतरवून वर ढकलायचे.

अमेरिकन अभ्यासक हर्बर्ट सायमन मला सगळ्यांत आवडला. १९४६ मध्ये त्याने लिहिलं की प्रशासनाची ही थोर तत्त्वं म्हणजे नुसत्या म्हणी आहेत, कारण म्हणींसारख्याच त्या उलटसुलट जोड्यांनी येतात. आपल्याकडे नाही का, ‘शुभस्य शीघ्रम्’ म्हणणाराच दुसऱ्या दिवशी ‘उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग’ म्हणतो? एका साहेबाच्या हाताखाली माणसं कमी असावीत हेही तत्त्व आणि वरपासून खालपर्यंतच्या पायऱ्या कमी असाव्यात हेही तत्त्व. दोन्ही एकदम पाळता येत नाहीत. आस्थापनेवरून होणारी आमची निम्मी भांडणं यातच बसतात. सायमनचं दुसरं म्हणणं असं की माणूस सर्वोत्तम निर्णय शोधत बसत नाही. हाताशी असलेल्या वेळात आणि माहितीत जो भागेल असा वाटतो, तो घेऊन मोकळा होतो. अतिवृष्टीच्या पंचनाम्यांच्या आठवड्यात ज्याने काम केलंय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

समाजशास्त्रज्ञ मर्टन आणि राज्यशास्त्रज्ञ लिप्स्की हे दोन अमेरिकन वाचताना मात्र अस्वस्थ व्हायला झालं. मर्टन म्हणतो, नियम ज्या हेतूसाठी केला तो हेतू मागे पडतो आणि नियम पाळणं हेच काम होऊन बसतं. ऑनलाइन दाखल्यांची मुदत संपत आली की अर्जाला एखादी त्रुटी लावून तो परत पाठवायचा, म्हणजे आपल्या लॉगिनला प्रलंबित शून्य दिसतं, हे आमच्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. आढावा बैठकीत आकडा हिरवा, आणि मुलाच्या प्रवेशासाठी आलेला बाप पुन्हा सेतू केंद्राच्या रांगेत. लिप्स्कीचं १९८० चं म्हणणं याच्या पुढे जातं. धोरण मंत्रालयात लिहिलं जातं हे खरं, पण ते लोकांना मिळतं खिडकीवर. आणि खिडकीवरचा कर्मचारी अपुरा वेळ, अपुरी माणसं आणि न संपणारी गर्दी यांतून स्वतःचे शॉर्टकट तयार करतो. तेच शॉर्टकट लोकांच्या दृष्टीने सरकारचं धोरण असतात. संजय गांधी निराधार योजनेच्या टेबलावर बसलेल्या कुणालाही हे पटेल. वयाचा पुरावा नसलेल्या आजीला ‘कागद आणा’ म्हणून परत पाठवायचं, की नियमात बसणारा दुसरा पुरावा आपणच सुचवायचा, हे त्या टेबलावरचा माणूस ठरवतो. अशा दोन आज्या आल्या तर शासन निर्णय दोघींना एकच लागू असतो. एकीचं अनुदान सुरू होतं, दुसरीचं होत नाही.

अभ्यासक्रमातला सर्वांत सकस भाग दुसऱ्या सत्रातला, स्थानिक स्वराज्य संस्थांचा. पंचायत राज कसं असावं ते सुचवणाऱ्या बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये सगळा भर तालुका-गट पातळीवर दिला होता. महाराष्ट्राने वेगळा रस्ता धरला. वसंतराव नाईक तेव्हा महसूलमंत्री होते. त्यांच्या समितीने १९६१ मध्ये अहवाल दिला, जिल्हा परिषदेला बळकट केलं आणि जिल्हाधिकाऱ्यांना तिच्या बाहेर ठेवलं. त्याच वर्षी कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. हे सगळं आम्ही कधीतरी स्पर्धा परीक्षेसाठी पाठ केलेलं असतं. पण तेव्हा ते नुसतं ‘समिती, वर्ष, शिफारशी’ असं असतं. आता समजतं की तालुक्याच्या गावात तहसील आणि पंचायत समिती अशा दोन इमारती का आहेत आणि लोक त्यांच्यामध्ये हेलपाटे का घालतात. घरकुल तिकडे, निराधार इकडे, जन्माचा दाखला ग्रामपंचायतीत, उत्पन्नाचा आमच्याकडे. गावाकडून आलेल्या माणसाला ‘हे आमच्याकडे नाही, तिकडे जा’ असं सांगताना त्यामागे साठ वर्षांपूर्वी विचारपूर्वक घेतलेला एक निर्णय आहे, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यात चूक काही नव्हती. लोकांनी निवडून दिलेली संस्था आणि महसुली यंत्रणा वेगळ्या असाव्यात यात तथ्य आहे. फक्त त्या दोघींमधलं अंतर कापण्याचा भार नागरिकाच्या पायांवर आला. पंचायतींना घटनात्मक दर्जा देणारी ७३ वी घटनादुरुस्ती एप्रिल १९९३ मध्ये लागू झाली, महिलांचं आरक्षण आलं, राज्यात ते पुढे निम्म्यावर गेलं. पण हेलपाट्यांचा हा हिशेब काही मिटलेला नाही.

आता तक्रारी. अध्ययन साहित्य शिळं आहे. माहिती अधिकाराचा कायदा येतो, पण ठरलेल्या मुदतीत सरकारी सेवा मिळण्याचा हक्क देणाऱ्या लोकसेवा हक्क अधिनियमाला एक परिच्छेद. ई-गव्हर्नन्सचं प्रकरण वाचताना वाटतं की अजून डायल-अपचा जमाना आहे. रविवारची संपर्क सत्रं जाहीर होतात आणि आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर रद्द होतात. मार्गदर्शक मात्र चांगले मिळाले, तेवढं नशीब. परीक्षेच्या तारखा निवडणुकीच्या कामात आल्या तर आमच्यासारख्यांचं काही खरं नसतं. मी एक पेपर मतदार यादीच्या कामातून थेट जाऊन लिहिला आणि त्या पेपरचे गुण तसेच आले. नव्या शैक्षणिक धोरणानंतर अभ्यासक्रमात ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आहे. नोकरीत केस पिकलेल्या बाईला शासकीय कार्यालयात जाऊन कामाचा अनुभव घ्यायला सांगणं, हा विनोद आमच्या ऑफिसात बरेच दिवस पुरला. शिपाईमामा रोज विचारायचे, “मॅडम, आज ट्रेनिंग हाय का ड्युटी?”

चौथ्या सत्रात लघुप्रबंध आहे. मी विषय घेतलाय महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. कायदा चांगला आहे. सेवा अधिसूचित केलेली, मुदत ठरलेली, खात्यातच पहिलं आणि दुसरं अपील, त्यापुढे आयोग, आणि विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड. पण अपील करायला माणसाला आपण अपील करू शकतो हे माहीत असावं लागतं. दाखला अडला की लोक ओळखीचा माणूस शोधतात. कागदावर अपील लिहून देणारा विरळा. का, हेच मला विचारायचं आहे. प्रश्नावली घेऊन मी लोकांसमोर बसते तेव्हा त्यांच्या दृष्टीने टेबलाच्या सरकारी बाजूला असते. लोक जपून बोलतात. माझ्या मार्गदर्शकांनी सुचवलं की शेजारच्या तालुक्यात जा, तिथे तुम्हाला कुणी ओळखत नाही. गेले. फरक पडला. एका काकूंनी तर ‘तुमच्यासारख्या बायका असत्या हापिसात’ असंही म्हटलं. मी कुठे काम करते ते त्यांना सांगून टाकलं, मग त्या पुन्हा जपून बोलायला लागल्या.

स्पर्धा परीक्षा देणारी पोरं मला विचारतात, ही पदवी घेऊ का? यूपीएससीला लोकप्रशासन हा पाचशे गुणांचा वैकल्पिक विषय आहे, आणि राज्यसेवा मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक होऊन तिथे वैकल्पिक विषय आलाय. त्यामुळे उपयोग होईल, पण त्यासाठी दोन वर्षांची पदवी करायची गरज नाही. विषय वेगळा वाचता येतो. नेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा देऊन शिकवण्याकडे जायचं असेल तर गोष्ट निराळी, तिथे पदव्युत्तर पदवी लागतेच. माझ्या मते हे शिक्षण खरं लागू पडतं ते ग्रामसेवक, तलाठी, नगरपालिकेतले लिपिक, विस्तार अधिकारी अशांना. ज्याने आवक-जावक सांभाळली आहे त्याला प्रत्येक पानावर उदाहरण आपलंच सापडतं. बाविशीच्या मुलाला तीच पानं कोरडी लागणार.

खर्च जास्त नाही, वेळ मात्र जातो. रोज पहाटे तासभर पुरतो, परीक्षेच्या महिन्यात नाही पुरत. स्वाध्याय हातानेच लिहायचे असतील तर सुरुवातीपासून लिहा, शेवटच्या आठवड्यात मनगट साथ देत नाही. शासकीय नोकरीत असाल तर प्रवेशाआधी कार्यालयाची लेखी परवानगी घ्या आणि तिची पोच जपून ठेवा. परीक्षेच्या रजेचा अर्ज वेळापत्रक लागल्याच्या दिवशीच द्या, वेळापत्रकाची प्रत जोडून.