आठ महिने, ३१० टर्न आणि परत द्यावी लागणारी स्क्वॉड्रन्स

'वॉर इन द पॅसिफिक: ॲडमिरल्स एडिशन' हा दुसऱ्या महायुद्धातल्या पॅसिफिक आघाडीवरचा कॉम्प्युटर गेम मी गेले आठ महिने एका प्रतिस्पर्ध्याशी फाइलींची देवाणघेवाण करत खेळतोय. एक टर्न म्हणजे युद्धाचा एक दिवस. ७ डिसेंबर १९४१ पासून सुरुवात केली, आता ऑक्टोबर १९४२ चा मध्य आलाय. माझ्याकडे दोस्त राष्ट्रं आहेत. या खेळाबद्दल लिहावं तेवढं थोडं, पण इथे फक्त विमानांची स्क्वॉड्रन्स, म्हणजे तुकड्या, परत द्यावी लागतात त्याबद्दल लिहितो. नवे खेळाडू सगळ्यात जास्त इथेच वैतागतात. मला मात्र आता हाच भाग फार आवडतो.

नियम साधा आहे. काही स्क्वॉड्रन्सवर परतीची तारीख असते. त्या दिवसापर्यंत तुम्ही त्यांना आघाडीवरून मोकळं केलं नाही, तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला पॉलिटिकल पॉइंट्स कापले जातात. हेच पॉइंट्स देऊन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर अडकलेल्या पायदळाच्या डिव्हिजन्स सोडवून घ्यायच्या असतात. त्यामुळे ब्रह्मदेशातल्या ब्लेनहाइम या ब्रिटिश बॉम्बर विमानांच्या एका स्क्वॉड्रनचा उशीर थेट दक्षिण पॅसिफिकमध्ये जाणवतो.

मला तो असाच जाणवला. रंगून हातचं गेल्यावर मी ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावरच्या अक्याबवर एक बॉम्बर स्क्वॉड्रन ठेवलं होतं. परतीची तारीख यादीत दिसत होती, पण "अजून वेळ आहे" म्हणत मी त्याला रोज हल्ल्यावर पाठवत राहिलो. शेवटच्या आठवड्यात कलकत्त्याला हलवलं, तर नादुरुस्त विमानं उडू शकत नव्हती. ती मागेच राहिली. ती दुरुस्त होऊन येतील या आशेवर मी थांबलो आणि तारीख उलटली. रोज पॉइंट्स जात होते आणि मी चार-दोन मोडक्या विमानांकडे बघत बसलो होतो. ज्या डिव्हिजनसाठी महिनाभर पॉइंट्स साठवले होते, ती तीन आठवडे उशिरा निघाली. चूक सर्वस्वी माझी होती. तारखेच्या किमान पंधरा दिवस आधी स्क्वॉड्रनला हल्ल्यांतून काढून मागच्या तळावर विश्रांती द्यायला हवी होती, म्हणजे विमानं दुरुस्त झाली असती.

"लढाई ऐन रंगात असताना हातातली विमानं का काढून घेता?" असा राग पहिले दोन महिने मलाही यायचा. मग त्या तारखांमागचा इतिहास वाचला. २१ जून १९४२ ला लिबियातलं ब्रिटिशांच्या ताब्यातलं तोब्रुक बंदर जर्मनांच्या हाती पडलं, आणि काही दिवसांतच भारतातल्या अमेरिकन विमानदळाचे प्रमुख जनरल ब्रेरटन यांना भारतातली हाताशी असलेली अवजड बॉम्बर्स घेऊन मध्यपूर्वेत जायचा हुकूम आला. भारतातल्या विमानदळाकडे आधीच फार काही नव्हतं, तरी ती बॉम्बर्स गेली. चीन-ब्रह्मदेशात लढलेले फ्लाइंग टायगर्स हे अमेरिकन स्वयंसेवक वैमानिक ४ जुलै १९४२ ला विसर्जित झाले आणि त्यांची जागा अमेरिकन सैन्याच्या २३व्या फायटर ग्रुपने घेतली. पॅसिफिकमधल्या सेनापतींना युरोप आणि आफ्रिकेनंतर उरेल त्यावरच भागवावं लागलं. परतीची तारीख पाळताना ती ओढाताण जशी अंगावर येते, तशी नुसतं वाचून येत नाही.

आता दर रविवारी मी पुढच्या ९० दिवसांची परतीची यादी उघडतो आणि वहीत उतरवतो. यादी लांबलचक आहे, नावं एकसारखी आहेत, म्हणून वही हवीच. ज्या स्क्वॉड्रनची तारीख जवळ आली, त्याला नवी विमानं द्यायची नाहीत. त्यातले अनुभवी पायलट आधीच राखीव साठ्यात काढायचे आणि जागी नवखे भरायचे. पायलटांच्या बदलीत काही दिवस जातात, त्यामुळे हेसुद्धा शेवटच्या क्षणी करून चालत नाही. विमानं कारखान्यातून येत राहतात. तयार पायलट मात्र महिनोन्‌महिने सरावात ठेवावे लागतात, तेव्हा कुठे त्यांचं कौशल्य ७० च्या आसपास पोहोचतं. असा माणूस निष्काळजीपणे हातचा घालवला की मला खरंच वाईट वाटतं.

तुकडे पाडायची सवयही मी सोडली. गस्तीचं एक स्क्वॉड्रन तीन भागांत विभागून कोलंबो, त्रिंकोमाली आणि कोचीनला ठेवणं सोयीचं वाटतं, पण परतीच्या वेळी त्यांना गोळा करत फिरावं लागतं.

सॉलोमन बेटांमधल्या ग्वाडलकॅनालवर हेच सगळं जास्त तीव्र होतं. खऱ्या युद्धात २० ऑगस्ट १९४२ ला तिथल्या हेंडरसन फील्ड या धावपट्टीवर उतरलेलं अमेरिकन मरीन्सचं २२३ क्रमांकाचं फायटर स्क्वॉड्रन ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत थकून माघारी गेलं होतं. माझ्या खेळातही तिथले पायलट दमलेत, थकव्याचे आकडे रोज चढताहेत. तिथे परतीची सक्ती नसली, तरी मी आता वाट बघत नाही. मागच्या एस्पिरितु सांतो बेटावर बदली स्क्वॉड्रन तयार उभं आहे. पुढच्या टर्नला ते आत जाईल आणि जुनी मुलं बाहेर येतील.