बासचे मोठे सॉफ्ट प्लास्टिक आपल्या मरळीवर: साडेदहा इंची वर्म अन् ७ इंची पॅडल टेलचा रिव्ह्यू

भाऊ, नागपुरात मरळ म्हटलं की सगळ्यांच्या बॉक्समधून रबरी फ्रॉगच (पाण्यावरून ओढायचा नकली बेडूक) निघतो. फ्रॉग चांगलाच आहे, त्यात वाद नाही, पण उन्हाळ्यात ऊन चढलं की मरळ खोल काठाला बुडाशी जाऊन बसते, फक्त श्वास घ्यायला वर येते, बुडबुडा सोडते अन् परत खाली, मग वरून फ्रॉग कितीही फिरवा ती ढुंकूनही पाहत नाही. तिला खाली जाऊन काहीतरी मोठं दाखवावं लागतं. म्हणून अमेरिकेत बास नावाच्या माशासाठी बनवतात ते मोठे सॉफ्ट प्लास्टिक, म्हणजे मऊ प्लास्टिकचे लूर (नकली आमिषं), मागवले, एक झूम कंपनीचा ओल मॉन्स्टर, साडेदहा इंची रिबन टेल वर्म (फितीसारख्या शेपटीचं नकली गांडूळ), अन् दुसरा ऑनलाइन सापडलेला ७ इंची पॅडल टेल (चपट्या शेपटीचा नकली मासा). वडगाव धरणाचं बॅकवॉटर अन् उमरेड, हिंगण्याकडचे लहान तलाव, सगळीकडं दोन्ही चालवून पाहिले.

वर्म एकदम पास. जड वाटतो पण वजनाच्या मागं मस्त सरळ जातो अन् शेपटी हळू ओढली तरी सापासारखी हलत राहते, जोरात ओढायची गरजच नाही. काठाला बेशरमाची झाडं पाण्यात वाकलेली असतात ना, त्यांच्या मुळाशी टाकायचा, बुडाला बसू द्यायचा, रॉडचं टोक हळूच उचलायचं अन् परत सोडायचं. टेक, म्हणजे मासा आमिष तोंडात घेतो ते, बहुतेक वेळा खाली पडतानाच येते, लाइन नुसती बाजूला सरकायला लागते.

पण खरं सांगू का, पाकीट घेतलं म्हणजे काम झालं असं नाही, सगळा खेळ हूकचा आहे. आपल्याकडं लोक १० इंचाचा वर्म घेतात अन् त्यात घरात पडलेला लहान ३/० चा हूक घालतात (/० च्या आधीचा आकडा मोठा तसा हूक मोठा), मग म्हणतात टेक येते पण मासा लागत नाही. अरे लागणार कसा, जाड बॉडीनं हूकची सगळी जागाच भरून जाते. वर्म बोटानं दाबून पाहा, दाबल्यावर नोक मोकळी बाहेर आली पाहिजे. ओल मॉन्स्टरला मी ५/० किंवा ६/० चा ऑफसेट हूक (डोळ्याजवळ वाक असलेला) लावतो अन् पुढं १० ग्रॅमचं बुलेट वजन, लाइनवर सरकणारं, गोळीच्या आकाराचं. वजनाच्या भोकात टूथपिकचा तुकडा घालून तोडून टाकायचा, नाहीतर गवतात वजन एकीकडं अन् वर्म दुसरीकडं.

लावायची पद्धत टेक्सास रिगचीच. नोक डोक्यात बरोबर मधोमध घालायची, सेंटीमीटरभर आत नेऊन खालून काढायची, हूक सरकवत डोळ्यापर्यंत (लाइन बांधायच्या कडीपर्यंत) आणून फिरवायचा. मग हूक वर्मच्या बाजूला लटकू द्यायचा, त्याचा वाक जिथं येतो तिथं नखानं खूण करायची अन् तिथूनच नोक आरपार काढून वरच्या कातडीत जराशी टेकवून ठेवायची. खूण थोडी जरी मागंपुढं झाली की वर्म आखडतो, पाण्यात गिरक्या घेतो अन् ब्रेड (विणलेली लाइन) पिळून जाते. पहिला कास्ट पायाजवळच्या पाण्यात ओढून पाहा, सरळ चालला तरच पुढं जा.

आता पॅडल टेल. हा पाकिटात दुमडूनच आला, शेपटी एका बाजूला मुडपलेली, अन् विकणाऱ्यानं मेसेजला उत्तरच दिलं नाही. उकळतं पाणी भांड्यात ओतून शेपटी चिमट्यानं थोडा वेळ बुडवली अन् सपाट ताटात सरळ ठेवून गार होऊ दिली, तेव्हा ठीक झाला. याला टेक्सासचा साधा हूक नको, ७/० चा स्क्रू लॉक हूक घ्या, डोळ्याला स्प्रिंग अन् पोटाला वजन असलेला. स्प्रिंग नाकाच्या बरोबर मध्यात फिरवून बसवायची, वाकडी बसली की लूर आडवा पोहतो. उघड्या पाण्यात चाल फार सुंदर आहे, कमळाच्या पानांच्या कडेनं हळू ओढला की शेपटीचा ठोका रॉडच्या मुठीत जाणवतो. पण शिंगाड्याच्या तलावात याला नेऊच नका, वेल शेपटीला गुंडाळते. अन् बास तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो, मरळ दात मारते, त्यामुळं शेपटी तुटून नुसतं धड हातात यायचं प्रमाण इकडं जास्त आहे. तुटलेले फेकू नका, लहान हूकवर चालतात, अन् पाण्यात तर मुळीच टाकू नका, हे प्लास्टिक कुजत नाही.

रॉडचं आधी पाहा. त्यावर लूरचं वजन १० ते ३० ग्रॅम लिहिलेलं असेल तर हा पॅडल टेल हूकसकट त्याच्या बाहेर जातो, टोक तुटेल. ५० पाउंडची ब्रेड अन् पुढं जाड लीडर (हूकच्या आधी बांधायचा लाइनचा तुकडा) पाहिजेच, मरळीचं तोंड कडक असते, हूक बसवायला दणका द्यावा लागते.

ठेवायची काळजी पण घ्या. मे महिन्यात बॉक्स गाडीत ठेवला की नागपूरच्या उन्हात वर्म मऊ पडून एकमेकांना चिकटतात अन् रंग उतरतो, म्हणून ज्या पाकिटात आले त्यातच घरात ठेवा. अन् ताणले की लांब होणारे ते इलाझटेकवाले (वेगळ्या प्रकारच्या प्लास्टिकचे) लूर यांच्यासोबत ठेवू नका, दोन्ही विरघळून चिकट गोळा होतो.

बहुतेक तलाव मच्छीमार संस्थांना ठेक्यानं दिलेले असतात, विचारूनच टाका. पेंच व्याघ्र प्रकल्पातल्या तोतलाडोह धरणाकडं जाऊ नका, तिथं मासेमारीला बंदीच आहे. अन् पावसाळ्यात लालसर पिल्लांचा झुपका वर दिसला की तिथं लूर टाकू नका, खाली मायबाप राखण करत असतात, ते उचलले की पिल्लं दुसरे मासे खाऊन टाकतात.

पोटाला वजन असलेले ७/० चे स्क्रू लॉक हूक नागपुरात कोणत्या दुकानात मिळत असतील तर खाली सांगा, प्रत्येक वेळी कुरिअरचे पैसे फालतू जाऊन रायले.