सर्च कन्सोल आणि जीए४: दोन्ही मोफत, पण भरवसा कोणावर किती?

लोक गूगलवर काय शोधत आपल्या साइटवर येतात आणि आल्यावर काय करतात, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर गूगल सर्च कन्सोल देतं, दुसऱ्याचं गूगल ॲनालिटिक्स ४, म्हणजेच जीए४. बहुतेक ठिकाणी जीए४ आधी बसवलं जातं आणि सर्च कन्सोल ‘नंतर बघू’ म्हणून मागे पडतं. क्रम उलटा हवा. सर्च कन्सोल फारशी मांडणी न करता पहिल्या आठवड्यापासून कामाला येतं. जीए४ बसवून तसंच सोडून दिलं, तर ते आत्मविश्वासाने चुकीचे आकडे दाखवत राहतं.

सर्च कन्सोल: ५ पैकी ४.५

मालकी पडताळताना ‘डोमेन’ प्रकार निवडा. डीएनएसमध्ये (डोमेनच्या पत्त्यांच्या नोंदवहीत) एक टीएक्सटी रेकॉर्ड, म्हणजे मजकुराची एक नोंद, टाकावा लागतो, एवढंच काम. मग डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेला-नसलेला पत्ता, एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, सगळे सबडोमेन (मुख्य डोमेनखालचे उप-पत्ते) एकाच ठिकाणी दिसतात. ‘यूआरएल प्रीफिक्स’ प्रकारात यातलं एकच रूप मोजलं जातं. साइट एचटीटीपीएसवर गेल्यावर ‘ट्रॅफिक शून्य झालं’ अशी ओरड होते, तिचं कारण अनेकदा हेच असतं: आकडे दुसऱ्या रूपाखाली जमा होत असतात.

परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये १६ महिन्यांची माहिती राहते, त्यामुळे यंदाच्या हंगामाची गेल्या वर्षीच्या त्याच हंगामाशी तुलना करता येते. मात्र पडद्यावर आणि तिथून केलेल्या एक्स्पोर्टमध्ये जास्तीत जास्त १,००० ओळीच मिळतात. साइट मोठी असेल तर २०२३ पासून मिळणारा बिगक्वेरी (गूगलचा क्लाउड डेटाबेस) बल्क एक्स्पोर्ट आजच चालू करा. तो मागची माहिती भरून देत नाही. चालू केल्यापासूनचीच साठवतो.

सगळ्यात जास्त फायदा देणारं काम इथेच होतं. गेल्या तीन महिन्यांचा कालावधी घ्या, सरासरी सीटीआर (दिसण्याच्या तुलनेत क्लिक किती झाले ते प्रमाण) आणि सरासरी पोझिशन (निकालातली जागा) हे दोन्ही चौकोन चालू करा, ब्रँडचं नाव असलेल्या क्वेरी (लोकांनी गूगलवर टाकलेले शोध) फिल्टरने वगळा आणि ८ ते २० पोझिशनच्या दरम्यानच्या, भरपूर इम्प्रेशन्स (निकालात किती वेळा दिसलं तो आकडा) असलेल्या क्वेरी शोधा. या क्वेरींवर गूगल तुमचं पान दाखवायला तयार आहे, फक्त ते वर येत नाही. मग ‘पेजेस’ टॅबवर जाऊन त्या क्वेरीला कोणतं पान दिसतंय ते बघा. एकाच क्वेरीला आपलीच दोन-तीन पानं आलटून पालटून दिसत असतील, तर नवं पान लिहू नका. जे पान जास्त पूर्ण आहे त्यात बाकीच्यांचा मजकूर घाला, उरलेल्या पानांवरून ३०१ रीडायरेक्ट (जुना पत्ता कायमचा दुसऱ्याकडे वळवणं) द्या आणि अंतर्गत लिंक त्या एका पानाकडे वळवा. एकच पान दिसत असेल, तर शीर्षकात आणि पहिल्या परिच्छेदात त्या क्वेरीचं थेट उत्तर आहे का ते तपासा. बहुतेक वेळा उत्तर पानाच्या तळाशी दडलेलं असतं.

प्रश्नरूपी क्वेरी वेगळ्या काढायच्या असतील तर क्वेरी फिल्टरमध्ये ‘कस्टम (रेजेक्स)’, म्हणजे नमुना देऊन शब्द जुळवण्याची सोय, निवडून कसे|कसा|कशी|किती|का असं लिहा. एक अडचण आहे: नुसतं ‘का’ दुसऱ्या शब्दांच्या आतही जुळतं, म्हणून यादी डोळ्यांखालून घालावी लागते. तरीही लेखांचे विषय ठरवायला याहून प्रामाणिक यादी दुसरीकडे मिळणार नाही.

सरासरी पोझिशन या आकड्याने अनेकांची दिशाभूल होते. तुमचं पान ज्या-ज्या इम्प्रेशनला दिसलं त्यांचीच ही सरासरी असते. नव्या पन्नास क्वेरींना तुम्ही ४० व्या जागी दिसू लागलात, तर जुन्या क्वेरी जागच्या जागी असूनही सरासरी घसरते. म्हणून हा आकडा पूर्ण साइटसाठी पाहू नये. एका पानाची एक क्वेरी घेऊन पाहावा. आलेखातली क्लिकची बेरीज आणि खालच्या तक्त्यातली बेरीज जुळत नाही, यातही बिघाड काही नाही. फार कमी लोकांनी शोधलेल्या क्वेरी गोपनीयतेसाठी तक्त्यातून लपवल्या जातात, बेरजेत मात्र राहतात.

अलीकडची एक खूणगाठ: सप्टेंबर २०२५ मध्ये गूगलने एका पानावर १०० निकाल मागण्याची सोय बंद केली आणि अनेक साइट्सच्या डेस्कटॉप इम्प्रेशन्स एकदम खाली आल्या, सरासरी पोझिशन मात्र सुधारलेली दिसली. रँक तपासणाऱ्या साधनांच्या भेटी त्यात मोजल्या जात होत्या, असं याचं सर्वमान्य स्पष्टीकरण आहे. त्या महिन्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या इम्प्रेशन्सची तुलना टाळा आणि क्लिकवर लक्ष ठेवा. एआय सारांशात दिसलेली लिंकही ‘वेब’ प्रकारातच मिसळून मोजली जाते. पोझिशन तीच असून सीटीआर पडला, तर तो निकाल स्वतः शोधून वर काय आलंय ते बघणं भाग आहे.

पेज इंडेक्सिंग रिपोर्टमध्ये ‘क्रॉल झालं, सध्या इंडेक्समध्ये नाही’ ही ओळ दिसली की लोक ‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’ पुन्हा पुन्हा दाबतात. त्याने काही होत नाही. गूगलने पान पाहिलंय आणि बाजूला ठेवलंय, म्हणजे बहुतेकदा मजकूर तोकडा किंवा दुसऱ्या पानासारखा आहे. आणखी एक नेहमीची चूक: एखादं पान काढण्यासाठी नोइंडेक्स (‘हे पान निकालात दाखवू नका’ अशी खूण) लावायचं आणि रोबोट्स फाइलमध्येही (कोणती पानं वाचू नयेत हे सांगणाऱ्या फाइलमध्ये) ते अडवायचं. अडवल्यावर गूगलला पान वाचताच येत नाही, त्यामुळे नोइंडेक्स त्याला कळत नाही आणि पत्ता निकालात राहू शकतो. आधी नोइंडेक्स वाचू द्या.

कोअर वेब व्हायटल्सच्या (पान वापरताना येणाऱ्या अनुभवाच्या गूगलच्या मापांच्या) मर्यादा थोडक्यात: मुख्य घटक २.५ सेकंदांत दिसावा (एलसीपी), स्पर्शाला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत मिळावा (आयएनपी), मजकुराच्या हलण्याचा अंक (सीएलएस) ०.१ च्या आत असावा, आणि हे ७५ टक्के भेटींना लागू व्हावं. मोजमाप मागच्या २८ दिवसांचं असतं, त्यामुळे आज केलेली दुरुस्ती उद्या दिसत नाही.

जीए४: ५ पैकी ३.५, तेही नीट मांडल्यावर

जुनं युनिव्हर्सल ॲनालिटिक्स १ जुलै २०२३ पासून नवी माहिती घेईनासं झालं आणि सगळे जीए४वर आले. त्याची ताकद खरी आहे: प्रत्येक गोष्ट इव्हेंट (पान उघडणं, क्लिक अशी घटना) म्हणून नोंदली जाते, आणि बिगक्वेरीला कच्ची माहिती देण्याची सोय मोफत खात्यातही आहे, रोजच्या एक्स्पोर्टसाठी दिवसाला १० लाख इव्हेंटपर्यंत. गुण कापले ते मूळ सेटिंगमुळे.

डेटा रिटेन्शन (माहिती किती काळ ठेवायची ते) मुळात २ महिन्यांचं असतं. तयार रिपोर्टना त्याचा फटका बसत नाही, पण ‘एक्सप्लोर’ विभागात दोन महिन्यांपलीकडे जाताच येत नाही. ते लगेच १४ महिन्यांवर न्या. ऑफिसातल्या भेटी वगळणारा फिल्टरही आधीपासून ‘टेस्टिंग’ अवस्थेत पडून असतो. टॅग सेटिंगमध्ये (टॅग म्हणजे साइटवर बसवलेला मोजणीचा कोड) आपले आयपी पत्ते टाका, दोन-तीन दिवस तपासा आणि मगच ‘ॲक्टिव्ह’ करा, कारण तो लागू झाल्यावर वगळलेली माहिती परत मिळत नाही. विक्रीची साइट असेल तर पेमेंट गेटवेचं डोमेन ‘नको असलेले रेफरल’ यादीत घाला. नाहीतर ग्राहक पैसे भरून परतला की विक्रीचं श्रेय गेटवेला जातं.

एकाच पानावर दोनदा टॅग लागणं हा दोष फार आढळतो. एक प्लगइनमधून, दुसरा गूगलच्या टॅग मॅनेजरमधून. पेज व्ह्यू दुप्पट होतात आणि एंगेजमेंट रेट ९५ टक्क्यांच्या वर जातो, कारण जीए४ दोन पेज व्ह्यू असलेलं सेशन (साइटची एक भेट) ‘एंगेज्ड’ धरतं. (बाकीचे दोन निकष: १० सेकंदांहून जास्त वेळ, किंवा एक की इव्हेंट, म्हणजे तुम्ही महत्त्वाची ठरवलेली कृती.) आकडा इतका सुंदर दिसला की आधी टॅग असिस्टंट (टॅग तपासायचं गूगलचं साधन) उघडा.

की इव्हेंट बटणाच्या क्लिकवर लावू नका. अर्धवट भरलेला, चुकीचा फोन नंबर असलेला फॉर्मही मग यशस्वी चौकशी म्हणून मोजला जातो. फॉर्म खरोखर पोचल्यावर येणाऱ्या आभाराच्या पानावर किंवा सर्व्हरच्या होकारावर लावा. खरेदीच्या इव्हेंटमध्ये ट्रान्झॅक्शन आयडी हवाच, नाहीतर आभाराचं पान रिफ्रेश केलं की विक्री पुन्हा मोजली जाते.

यूटीएममध्ये (भेट कुठून आली हे सांगणाऱ्या, लिंकला जोडलेल्या खुणांमध्ये) लहान-मोठी अक्षरं वेगळी धरली जातात, म्हणून सगळं लहान अक्षरांत लिहा. मीडियमला (यूटीएममधल्या, भेटीचा मार्ग सांगणाऱ्या भागाला) मनचं नाव दिलं तर ट्रॅफिक ‘अनअसाइन्ड’मध्ये, म्हणजे कोणत्याच गटात न बसलेल्या भेटींत, पडतं. स्वतःच्या साइटवरच्या बॅनरला यूटीएम कधीही लावू नका. श्रेयाची वाटणी बिघडते.

दोन्ही एकत्र वापरताना

सर्च कन्सोलचे क्लिक आणि जीए४ची ऑरगॅनिक सेशन्स (जाहिरातीविना शोधातून आलेल्या भेटी) जुळणार नाहीत. सर्च कन्सोलचे दिवस पॅसिफिक वेळेनुसार मोजले जातात, जीए४ तुमच्या टाइम झोनने चालतं. कुकीला नकार देणारे आणि ॲडब्लॉकर वापरणारे जीए४ला बहुतेकदा दिसत नाहीत. सर्च कन्सोल क्लिक कॅनॉनिकल (गूगलने मुख्य मानलेल्या) पत्त्यावर टाकतं, जीए४ प्रत्यक्ष उघडलेल्या पत्त्यावर. दोहोंचं गुणोत्तर दर आठवड्याला साधारण सारखं राहिलं तर पुरे. ते अचानक बदललं, तर टॅग किंवा कुकीची परवानगी मागणारी पट्टी तपासा.

दोन्ही खाती जोडल्यावर सर्च कन्सोलचे रिपोर्ट जीए४मध्ये आपोआप दिसत नाहीत. ‘लायब्ररी’त जाऊन तो संग्रह प्रकाशित करावा लागतो. तिथे लँडिंग पेजनुसार क्लिक आणि की इव्हेंट शेजारी-शेजारी येतात. कोणत्या क्वेरीने विक्री झाली हे मात्र कळत नाही. दुवा फक्त पानाचा आहे. म्हणून क्लिक भरपूर आणि चौकशी शून्य असलेलं पान निवडा, त्याच्या क्वेरी सर्च कन्सोलमध्ये वाचा. लोक तुलना शोधत आले आणि पान थेट ‘आत्ताच खरेदी करा’ म्हणतंय, असं दिसलं तर जाहिरातीचं बजेट वाढवण्याआधी तिथे तुलनेचा तक्ता घाला आणि पुढचे २८ दिवस मागच्या २८ दिवसांशी ताडून बघा.

साइट दहा-बारा पानांची असेल आणि चौकशा फोनवरच येत असतील, तर सर्च कन्सोल एकटं पुरतं. माहिती स्वतःच्या सर्व्हरवरच ठेवायची असेल, तर जीए४च्या जागी माटोमो हे ॲनालिटिक्सचं साधन बसवा. सर्च कन्सोलला मात्र पर्याय नाही, कारण गूगलच्या क्वेरी दुसरं कोणी देत नाही.