योकोहामातले क्राफ्ट बिअर बार: काही महिन्यांनंतरचा अनुभव

टोकियोत बार जास्त आहेत, मान्य. पण पायी हिंडत प्यायचं असेल तर योकोहामाच बरं. कन्नाई, बाशामिची आणि नोगे हे भाग एकमेकांना लागूनच आहेत. शेवटची ट्रेन तेवढी सांभाळायची.

माझा सर्वाधिक वेळ आणि पैसा गेला तो बाशामिचीतल्या टॅपरूममध्ये, म्हणजे बेअर्ड या बिअर कंपनीच्या स्वतःच्या बारमध्ये. सोबतीला टेक्सासच्या धर्तीचं बार्बेक्यू आणि वर गच्ची. इथे हँडपंपवरची (गॅसच्या दाबाऐवजी हाताने ओढून भरलेली) एल, म्हणजे जरा उबदार तापमानात आंबवलेली बिअर, घ्याच. ती बर्फगार नसते, गॅसही कमी. पहिल्या घोटाला 'फ्रिज बंद पडला की काय' असं वाटतं, पण निम्मा ग्लास होईपर्यंत माल्टची (मोड आणून सुकवलेल्या धान्याची) खरपूस चव जिभेवर चढते आणि मग थंडगार लागर (नेहमीची हलकी, फिकट बिअर) पांचट लागू लागते. कडू आवडणाऱ्यांनी योकोहामा स्टेशनजवळचं थ्रॅश झोन गाठावं: जबरी आयपीए (भरपूर हॉप्स घातलेली कडवट एल) आणि तेवढंच जबरी मेटल संगीत. गप्पा मारायला मात्र तिथे जाऊ नका. साधी, चेक वळणाची पिल्सनर (सोनेरी लागर) हवी असेल तर बे ब्रूइंग.

खिशाचं बोलायचं तर पाइंट (साधारण अर्ध्या लिटरचा ग्लास) हजार येनच्या पुढेच. हाफ मागवा, दोन-तीन चवी तरी होतात. एका बारमध्ये न मागता वाटीभर चखणा आला आणि बिलात त्याचे पैसे लागले. याला ओतोशी म्हणतात, अनेक ठिकाणी असते, आधी विचारलेलं बरं. शाकाहाऱ्यांची पंचाईत आहे: फ्राइज, एदामामे (सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा) आणि लोणची, बस. सॉसमध्ये माशाचा अर्क निघू शकतो.

या गावाला बिअरचा वारसाही आहे. विल्यम कोपलंड या नॉर्वेजियन-अमेरिकन माणसाने 1870 च्या सुमारास इथल्याच यामाते टेकडीवर ब्रुअरी (बिअरचा कारखाना) काढली; पुढे त्याच जागेवरच्या कंपनीतून किरिन ही जपानची बडी बिअर कंपनी उभी राहिली. छोट्या ब्रुअऱ्यांना मात्र 1994 पर्यंत वावच नव्हता. परवान्यासाठी वर्षाला किमान 20 लाख लिटर उत्पादन लागायचं, ती अट 60 हजारांवर आली आणि गावोगावी ब्रुअऱ्या निघाल्या.

शुक्रवारी जाऊ नका, उभं राहायलाही जागा नसते. मंगळवार-बुधवारी सातच्या आत पोचलात तर बारमनला बोलायला सवड असते. कडू हवी की हलकी एवढं सांगा, बाकी त्याच्यावर सोडा.