इंडियाना पेसर्स २०२४-२५: ऑक्टोबर ते जून, पूर्ण मोसम पाहिल्यानंतरचा अनुभव

एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमध्ये ५० विजय, ३२ पराभव, ईस्टर्न कॉन्फरन्समध्ये (पूर्वेकडच्या गटात) चौथा क्रमांक आणि अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात ओक्लाहोमा सिटी थंडरकडून १०३-९१ अशी हार. कागदावर पेसर्सचा मोसम एवढाच दिसतो. हायलाइट्स पाहिलेल्यांना पेसर्सचा पॉइंट गार्ड (चाल रचणारा खेळाडू) टायरीस हॅलिबर्टन याचे शेवटच्या क्षणाचे चार शॉट आठवतील. प्लेऑफच्या (नियमित मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांच्या) प्रत्येक फेरीत एक, आणि चारही सामन्याच्या अखेरच्या दोन सेकंदांतले. त्यामुळे 'नशीबवान संघ' असा शिक्का या संघावर पटकन बसला. पूर्ण सामने पाहिले की तो शिक्का चुकीचा आहे हे कळतं. पेसर्स शेवटच्या तीन मिनिटांत जे मिळवत, त्याची तयारी पहिल्या क्वार्टरपासून (सामन्याच्या चारपैकी पहिल्या भागापासून) चालू असे. समोरच्याचे पाय थकवणं हाच त्यांचा धंदा होता.

सुरुवात मात्र वाईट होती. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात संघ १० विजय, १५ पराभव अशा स्थितीत होता. कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. मोसमाच्या पहिल्याच सामन्यात जेम्स वाइजमनचा अकिलीस टेंडन (टाचेमागचा स्नायूबंध) फाटला आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला आयझाया जॅक्सनचाही. म्हणजे माइल्स टर्नरच्या मागचे दोन्ही सेंटर (बास्केटजवळ खेळणारे उंच खेळाडू) दीड आठवड्यात मोसमाबाहेर. ॲरन नीस्मिथ घोट्याच्या दुखापतीने बाहेर बसला, अँड्र्यू नेमहार्डही बरेच सामने नव्हता. समोरच्या गार्डला (बॉल पुढे आणणाऱ्या खेळाडूला) बांधून ठेवणारी जोडीच गेल्यावर बचाव भोकं पडल्यासारखा झाला. डिसेंबरमध्ये मायामीकडून थॉमस ब्रायंटला आणलं आणि टर्नरला श्वास घ्यायला वेळ मिळू लागला. जानेवारीत नीस्मिथ परतला. त्या १०-१५ नंतरचा हिशेब ४०-१७ आहे. जुने सामने पाहणार असाल तर पहिले सहा आठवडे सरळ सोडून द्या. जानेवारीतली पॅरिसची जोडी मात्र पाहण्यासारखी आहे. सॅन अँटोनियो स्पर्सविरुद्ध पहिला सामना ११०-१४० असा हरले आणि दोनच दिवसांनी त्याच संघाला १३६-९८ ने हरवलं.

आता त्या मोसमात हा संघ कसा चालायचा, ते सांगतो. समोरच्याने बास्केट केली की बहुतेक संघ जरा सावरतात, बॉल चालत पुढे आणतात. पेसर्सचा टर्नर किंवा सियाकम जाळीतून पडणारा बॉल लगेच उचलून रेषेबाहेरून मैदानात टाकतो, तोवर बाकीचे तिघे पळायला लागलेले असतात. हॅलिबर्टन ड्रिबल करत बसत नाही, मधल्या रेषेच्या आधीच लांब पास देतो. पास्कल सियाकम चांगला उंच असूनही विंगसारखा (कडेच्या चपळ खेळाडूसारखा) पळतो. समोरच्या मोठ्या माणसाने दोन पावलं आळस केला की सोपे दोन गुण. नियमाप्रमाणे शॉटसाठी २४ सेकंद असतात. पेसर्स त्यातल्या पहिल्या सात-आठ सेकंदांतच काहीतरी घडवायला बघतात. नाही जमलं तर टर्नर स्क्रीन लावून (बचावपटूच्या वाटेत उभा राहून) मग बास्केटकडे न धावता तीन गुणांच्या रेषेबाहेर थांबतो. त्याच्यामागे समोरचा सेंटर बाहेर ओढला जातो, बास्केटखाली कुणी उरत नाही आणि तिथे नेमहार्ड किंवा सियाकम घुसतो.

वेगाने खेळणारा संघ सहसा बॉल जास्त हरवतो. इथे हॅलिबर्टनचा आकडा पाहा: नियमित मोसमात सामन्यामागे ९.२ असिस्ट (बास्केट घडवणारे पास) आणि टर्नओव्हर (हरवलेले बॉल) फक्त १.६. हवेत उडी मारून मग पास शोधणं ही प्रशिक्षक शाळेतल्या मुलांना पहिल्या दिवशी मना करतात ती गोष्ट. तो ती सर्रास करतो आणि त्याला ती पचते, कारण उडी मारताना त्याच्याकडे दोन पर्याय आधीच तयार असतात. एप्रिलमध्ये खेळाडूंच्याच एका निनावी मतचाचणीत तो लीगमधला सर्वांत 'ओव्हररेटेड' खेळाडू ठरला होता. २०, २५ शॉट मारणाऱ्या स्टारची सवय असलेल्या डोळ्यांना त्याचा खेळ दिसत नाही, हे त्यामागचं कारण असावं असं मला वाटतं. नियमित मोसमात संघात सर्वाधिक गुण त्याचे नव्हतेच, ते सियाकमचे होते.

वेगाइतकंच महत्त्व संपूर्ण कोर्टभर टाकलेल्या दबावाला आहे. नेमहार्ड समोरच्या पॉइंट गार्डला त्याच्याच बास्केटखालून चिकटतो. बॉल हिसकावला जातोच असं नाही. पण बॉल पुढे आणायला आठ सेकंदांची मर्यादा असते. त्यातले सहा-सात गेले की समोरच्याला आपली चाल रचायला सतरा-अठराच सेकंद उरतात. दर वेळी. शिवाय तो गार्ड दर वेळी धक्काबुक्की सोसत वर येतो. खो-खोत दमलेला चेसर 'खो' देऊन बसतो आणि ताज्या दमाचा उठतो, तसं नेमहार्डनंतर नीस्मिथ, मग टी. जे. मॅककॉनेल, मग बेन शेपर्ड. पळणारा मात्र तोच. हे चालवायला दहा माणसं लागतात, आणि प्रशिक्षक रिक कार्लाईलने प्लेऑफमध्येही दहा माणसं खेळवली. बाकीचे बहुतेक प्रशिक्षक एप्रिलनंतर सात-आठांवर येतात. २०११ मध्ये डॅलसला विजेतेपद मिळवून देणाऱ्या माणसाने हा उलटा मार्ग धरला, याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

पहिल्या फेरीत मिलवॉकी बक्सला ४-१ ने हरवलं. चौथ्या सामन्यात बक्सच्या डेमियन लिलार्डचा अकिलीस फाटला, त्यामुळे मालिकेची किंमत थोडी कमी धरावी लागते. तरी पाचवा सामना बघा. ओव्हरटाइमच्या (जादा वेळेच्या) शेवटच्या मिनिटात ११८-१११ असे सात गुणांनी मागे असताना ११९-११८ ने जिंकले. त्यातला अर्धा वाटा दबावाचा होता, शेवटच्या मिनिटात बक्सच्या हातून बॉल निसटत गेला.

दुसऱ्या फेरीत ६४ सामने जिंकून आलेले क्लीव्हलंड कॅव्हलिअर्स. दुसऱ्या सामन्यात पेसर्स २० गुणांनी मागे पडले होते आणि अखेरच्या मिनिटातही सात गुण कमी होते. मग शेवटचा डाव. हॅलिबर्टनला दोन फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे, एका गुणाचे मोकळे शॉट), एक पडला, दुसरा चुकला. चुकलेला बॉल त्यानेच पकडला, बाहेर रेषेपर्यंत आला, मागे सरकून तीन गुणांचा शॉट मारला. घड्याळात १.१ सेकंद, १२०-११९. क्लीव्हलंडकडे त्या दिवशी इव्हान मोबली, डॅरियस गारलंड आणि डिआंड्रे हंटर नव्हते, हेही नोंदवायला हवं. चौथ्या सामन्यात मात्र मध्यंतराला ८०-३९ होतं. एकेचाळीस गुणांच्या आघाडीला योगायोग म्हणता येत नाही. मालिका ४-१.

तिसऱ्या फेरीतला, म्हणजे कॉन्फरन्स फायनलमधला, न्यूयॉर्क निक्सविरुद्धचा पहिला सामना या सगळ्या पद्धतीचा नमुना आहे. २ मिनिटं ५१ सेकंद शिल्लक असताना निक्स ११९-१०५ ने पुढे. जेलन ब्रन्सनचे ४३ गुण झाले. तिथून नीस्मिथने एकामागून एक तीन गुणांचे शॉट मारले, चौथ्या क्वार्टरमध्ये सहा आणि सामन्यात एकूण आठ. हे शॉट नीट पाहा. बरेचसे निक्सचा माणूस अर्ध्या पावलाने उशिरा पोचल्यामुळे मोकळे झालेले आहेत. पहिल्या क्वार्टरमध्ये हेच अंतर भरून निघत होतं. निक्सचे मुख्य पाच खेळाडू वर्षभर लीगमध्ये सर्वाधिक वापरले गेलेल्यांत होते, आणि त्या रात्री ते अर्धं पाऊल कमी पडलं. मग ओजी अनुनोबीने दोनपैकी एक फ्री थ्रो चुकवला आणि निक्स १२५-१२३ वर राहिले. हॅलिबर्टनचा शॉट रिंगवर आपटून खूप उंच उडाला आणि सरळ आत पडला. तीन गुण समजून त्याने गळा धरल्याची (समोरचे दबावाखाली ढेपाळले, अशा अर्थाची) खूण केली, पण पाय रेषेवर होता, गुण दोनच. ओव्हरटाइममध्ये १३८-१३५. तो उडालेला बॉल आत पडणं हे नशीब, ते मी मान्य करतो. १४ गुणांची दरी भरून निघणं नशीब नव्हतं.

त्याच मालिकेतला चौथा सामना शांतपणे पाहायचा. हॅलिबर्टन: ३२ गुण, १५ असिस्ट, १२ रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल), टर्नओव्हर शून्य. प्लेऑफच्या इतिहासात असा आकडा आधी कुणी दिला नव्हता. तिसरा सामना २५ मे रोजी होता, म्हणजे इंडियानापोलिसमध्ये दुपारी इंडी ५०० ही मोटार शर्यत आणि रात्री कॉन्फरन्स फायनल. शहराला तो दिवस पचला, संघाला नाही. २० गुणांची आघाडी घालवून १०६-१०० ने हरले.

उणिवा इथेच दिसतात. रिबाउंडिंग कच्चं होतं. टर्नर शॉट उत्तम अडवतो, पण समोरच्याला मागे ढकलून जागा राखणं हे त्याचं बळ नाही, त्यामुळे चांगला बचाव केल्यावरही समोरच्याला दुसरी संधी मिळते. दुसरं, हॅलिबर्टन काही दिवशी शॉट घ्यायलाच नकार देतो. समोरचे त्याला बॉल मिळूच देत नाहीत आणि तो कोपऱ्यात उभा राहतो. मग वेग मरतो आणि संघ सामान्य दिसतो. निक्सविरुद्धचा पाचवा सामना (९४-१११) या दोषाचं पूर्ण उदाहरण आहे.

अंतिम फेरीत ओक्लाहोमा सिटीविरुद्ध तिसरी उणीव उघडी पडली, आणि ती निर्णायक होती. ६८ सामने जिंकलेल्या थंडरकडेही ताज्या पायांची लांब रांग होती: लू डॉर्ट, ॲलेक्स करूसो, केसन वॉलेस, जेलन विल्यम्स. म्हणजे पेसर्सचं हत्यार प्रथमच समोरच्याच्याही हातात होतं. वर्षभर बॉल जपणाऱ्या या संघाने पहिल्या सामन्यात २५ टर्नओव्हर केले, त्यातले १९ पहिल्या अर्ध्यात. तरी तो सामना १११-११० ने जिंकले. सबंध सामन्यात त्यांची एकच आघाडी होती, ०.३ सेकंद शिल्लक असताना मिळालेली. तिसरा सामना राखीव खेळाडूंनी जिंकून दिला. बेंचचे गुण ४९ विरुद्ध १८, बेनेडिक्ट मॅथरिनचे २७, मॅककॉनेलचे पाच स्टील (हिसकावलेले बॉल). मॅककॉनेलने समोरच्याचा इनबाउंड पास (रेषेबाहेरून बॉल मैदानात टाकणारा) कसा चोरला ते रिमोट थांबवून पाहा. बास्केट झाल्यावर तो परत फिरल्याचं दाखवतो आणि पास देणाऱ्याची नजर वळली की झेप घेतो.

चौथा सामना हातचा गेला. मालिका २-१, तिसऱ्या क्वार्टरअखेर सात गुणांची आघाडी, घरचं मैदान. थंडरने सामन्यात तीन गुणांचे फक्त तीन शॉट मारले. पण थंडरच्या शे गिल्जस-अलेक्झांडरने शेवटच्या पाच मिनिटांत एकट्याने १५ गुण केले आणि पेसर्सच्या पायांत पळण्याचं बळ उरलं नव्हतं. इतरांना थकवणारा संघ इथे स्वतः थकला. माझ्या मते विजेतेपद त्या पाच मिनिटांत गेलं. पाचव्या सामन्यात जेलन विल्यम्सचे ४० गुण झाले आणि हॅलिबर्टनची उजवी पोटरी ताणली गेली. सहाव्यात तो तसाच खेळला आणि १०८-९१ असा सर्वांत नीटनेटका विजय मिळाला. मध्यंतराला ६४-४२. सातव्यात त्याने सुरुवातीलाच तीन गुणांचे तीन शॉट मारले आणि पहिल्या क्वार्टरमध्येच त्याचा उजवा अकिलीस फाटला. त्याच्याशिवाय संघ मध्यंतराला ४८-४७ ने पुढे होता, हे फार कमी लोक लक्षात ठेवतात. तिसरा क्वार्टर ३४-२० असा गेला आणि तिथे सामना संपला.

हा संघ याच रूपात पुन्हा दिसणार नाही. हॅलिबर्टन २०२५-२६ च्या मोसमात अजिबात खेळणार नाही हे संघाने जुलै २०२५ मध्येच जाहीर केलं. टर्नर दहा वर्षांनंतर मिलवॉकीला गेला. लक्झरी टॅक्स (पगारखर्च ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास लागणारा कर) न भरणारे दोन संघ अंतिम फेरीत समोरासमोर येणं कौतुकाचं होतं, पण अशा घट्ट हिशेबात सेंटर टिकवणं अवघड जातं. टर्नर गेला म्हणजे फक्त ब्लॉक (अडवलेले शॉट) गेले असं नाही. समोरच्या सेंटरला बास्केटपासून बाहेर ओढणारा माणूस गेला, आणि वर सांगितलेली अर्धी यंत्रणा त्याच्यावर उभी होती.

भारतातून पाहण्याचं गणित सोपं आहे. हिवाळ्यात इंडियानापोलिसचा संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे पहाटे साडेपाचला, मार्चमध्ये तिथली घड्याळं पुढे गेली की साडेचारला. अंतिम फेरीचे सामने बहुतेक सकाळी सहाला, रविवारचे आपल्या सोमवारी साडेपाचला. एका सामन्याला अडीच तास धरा. रेकॉर्डिंग पाहणार असाल तर स्कोअर झाकून पाहा, आणि शेवटच्या पाच मिनिटांवर उडी मारू नका. मुंबईकरांना हे पिवळे-निळे कपडे ओळखीचे असतील. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज खेळले होते, पहिला सामना ओव्हरटाइममध्ये १३२-१३१. टर्नर तेव्हाही याच संघात होता.

तीनच सामन्यांना वेळ असेल तर निक्सविरुद्धचा पहिला, थंडरविरुद्धचा तिसरा आणि चौथा, याच क्रमाने. पहिल्यात नीस्मिथच्या शॉटआधी त्याचा बचावपटू कुठे उभा आहे ते बघा. तिसऱ्यात बॉल सोडून फक्त मॅककॉनेलकडे. चौथ्यात शेवटची पाच मिनिटं बास्केट झाल्यावर पेसर्सचे किती जण पळत पुढे जातात, ते मोजा.