सेन्सॉरचा शिक्का की आधी स्वतः बघणं?

नाशकात सिडको असो की गंगापूर रोड, शनिवार आला की पोरांचा एकच धोशा: नवा पिक्चर! मग आईबाप तिकीट काढताना प्रमाणपत्र बघतात. २०२४ पासून ते जरा कामाचं झालंय. आधी नुसतं 'यूए' असायचं, म्हणजे १२ वर्षांखालच्यांना पालकांच्या सल्ल्याने. आता त्याचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग आहेत. 'ए' असेल तर १८ च्या आतल्यांना थिएटरात प्रवेशच नाही. यूएचा आकडा मात्र सल्ला आहे, दारात कोणी अडवणार नाही.

शिक्का फुकट आणि झटपट, पण तुमचं पोर त्याला ठाऊक नाही. एखाद्याला मारामारीचं काही वाटत नाही, पण पडद्यावर आई हरवली की तो रात्रभर झोपत नाही. आणि आवाज! सहा वर्षांचं पोर घाबरलं की बऱ्याचदा डोळे नाही, कान झाकतं. आकड्यात हे कुठून कळणार?

स्वतः आधी बघायचं तर वेळ आणि तिकीट, दोन्ही डबल. म्हणून माझं मत: १३+ आणि पुढचं आधी स्वतः बघा, नाहीतर बघून आलेल्या मावशी-काकांना नेमकं विचारा, "रडण्यासारखं काय आहे?" 'छान आहे' एवढ्यावर भागवू नका. ७+ ला शिक्का चालतो, फक्त कडेची सीट घ्या, पटकन बाहेर पडता येतं.