रायझन ५ ५६०० साठी कूलर: सोबत आलेला की टॉवर?

एएमडीचा रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर घेतला की खोक्यातच रेथ स्टेल्थ हा कूलर (प्रोसेसर थंड ठेवणारा पंखा आणि धातूचा भाग) मिळतो. मग डीपकूल एके४०० सारख्या टॉवरवर, म्हणजे उंच उभ्या कूलरवर, वेगळे पैसे घालायचे का, असा प्रश्न बरेच जण विचारतात.

कूलरच्या खोक्यावरचे वॅटचे आकडे सोडून द्या. घरीच तपासा: सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारी चाचणी) किमान 10 मिनिटं चालवा, एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसरचं तापमान बघा आणि त्यातून खोलीचं तापमान वजा करा. ही वजाबाकी टाळून डिसेंबर आणि मे महिन्यातल्या चाचण्या शेजारी ठेवल्या, तर दिसतो तो ऋतूंचा फरक, कूलरचा नाही. दोन्ही पंख्यांचा आवाज सारखा ठेवून मोजलंत तर खरी लायकी कळते, आणि टॉवर पुढे जातो तो इथेच. त्यात 4 हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या) आणि 120 मिमीचा पंखा; स्टेल्थ म्हणजे ॲल्युमिनियमचा बुटका गोळा, त्यामुळे त्याच्या छोट्या पंख्याला जोरात फिरावं लागतं.

टॉवरचा पंखा बिघडला तर बाजारातला कुठलाही साधा 120 मिमीचा बसतो. मात्र उंची 155 मिमी आहे. कॅबिनेट आधी मोजा. बसवणं दोन्हींचं जमण्यासारखंच.

ऑफिसची कामं, ब्राउझिंग, अधूनमधून गेम: स्टेल्थ पुरे, कारण हा प्रोसेसर मुळात 65 वॅटचा, म्हणजे कमी तापणारा आहे. तासन्‌तास व्हिडिओ रेंडर करत असाल किंवा त्याच खोलीत कुणी झोपत असेल, तर टॉवरच घ्या.